अमेरिकेतली गॅसची शेगडी: बंदीचा गलबला आणि वरच्या हूडचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत जुनं घर घेतलंय, स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आणि तिच्यावर मायक्रोवेव्ह आहे. ‘सरकार गॅसच्या शेगड्या बंद करणार’ असं गेली काही वर्षं ऐकू येतंय. धाकट्या मुलीला दमा आहे आणि घरात रोज पोळ्या-भाकऱ्या होतात. शेगडी काढून इंडक्शन बसवावं का?

कायद्याच्या धास्तीने काहीही करू नका. घरात बसवलेली शेगडी काढायला लावणारा कायदा न्यू जर्सीत नाही, केंद्राचाही नाही. मुलीच्या दम्यासाठी मात्र जरूर करा, आणि सुरुवात शेगडीपासून नको, तिच्या डोक्यावरच्या मायक्रोवेव्हपासून करा. कारण पुढे येईलच.

गलबला उठला जानेवारी २०२३ मध्ये. घरगुती वस्तूंच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगातले एक आयुक्त, रिचर्ड ट्रमका ज्युनियर, ब्लूमबर्गच्या मुलाखतीत म्हणाले की शेगड्यांबाबत सगळे पर्याय खुले आहेत, बंदीसुद्धा. दोनच दिवसांत आयोगाचे अध्यक्ष अलेक्झांडर होन-सारिक यांनी बंदीचा विचार नसल्याचं जाहीर केलं, व्हाइट हाउसनेही हात झटकले. मार्चमध्ये आयोगाने लोकांकडून माहिती मागवली. त्यातून बंदी काही निघाली नाही, पण तोवर शेगडी दोन राजकीय पक्षांच्या भांडणाचा विषय झाली होती. जून २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहाने शेगडी ‘वाचवणारी’ दोन विधेयकं मंजूर केली, त्यांचा पुढे कायदा झाला नाही. २० जानेवारी २०२५ च्या ट्रम्प यांच्या ऊर्जाविषयक आदेशात बल्ब आणि भांडी धुण्याच्या यंत्रांच्या जोडीला गॅस शेगडीचंही नाव आलं.

या भांडणात तीन निरनिराळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. सुरक्षा आयोगाचं वर सांगितलं, ते एक. दुसरी गोष्ट ऊर्जा खात्याची: शेगडीने किती इंधन खावं, याचे नियम. त्याचा मसुदा फेब्रुवारी २०२३ चा. अंतिम नियम जानेवारी २०२४ मध्ये आला तो उत्पादक आणि ऊर्जाबचतवाले यांच्या तडजोडीतून, आणि खात्याच्याच हिशेबाने बाजारातली ९७ टक्के गॅस मॉडेल्स त्यात आधीच बसत होती. ‘निम्म्या शेगड्या जाणार’ ही ओरड मसुद्याच्या वेळची. अंतिम नियम आला तेव्हा ती कोणी मागे घेतली नाही.

तिसरी गोष्ट खरी बंदी म्हणावी अशी, पण ती शेगडीवर नाही, नव्या इमारतीत गॅसची पाइपलाइन घालण्यावर आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने जुलै २०१९ मध्ये असा ठराव केला, देशातला पहिला. कॅलिफोर्नियाच्या उपाहारगृहांच्या संघटनेने तो कोर्टात नेला. १७ एप्रिल २०२३ ला नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने तो उडवला. मुद्दा आरोग्याचा नव्हताच; उपकरणांच्या इंधनवापराचे नियम १९७५ च्या केंद्रीय कायद्याच्या अखत्यारीत येतात, शहराला तिथे मागच्या दाराने शिरता येत नाही, एवढाच होता. २०२४ मध्ये बर्कलीने ठराव मागे घेतला. न्यूयॉर्क शहराने वाट बदलली: पाइपऐवजी नव्या इमारतीत इंधन जाळताना निघणाऱ्या कार्बनवर मर्यादा घातली, ती २०२४ पासून सात मजल्यांखालच्या इमारतींना लागू झाली. न्यूयॉर्क राज्याचा तसाच कायदा २०२५ मध्ये अपिलाच्या फेऱ्यात अडकला. तुमचं घर जुनं, त्यामुळे यातलं काहीही तुमच्या दारात येत नाही.

आता दमा. डिसेंबर २०२२ च्या एका शोधनिबंधात अमेरिकेतल्या मुलांच्या दम्यापैकी १२.७ टक्के दम्याचा संबंध गॅस शेगडीशी जोडला गेला. हा आकडा सगळीकडे फिरला, आणि दोन्ही बाजूंनी चुकीचा वापरला. दवाखान्यात जाऊन रुग्ण मोजून तो आलेला नाही. गॅसच्या घरातल्या मुलाला दमा असण्याची शक्यता जुन्या अभ्यासांवरून सुमारे १.३४ पट धरली, आणि किती मुलं गॅसच्या घरात राहतात त्याच्याशी तिचा गुणाकार-भागाकार केला. म्हणून त्याच निबंधात इलिनॉयसाठी २१.१ टक्के आणि कॅलिफोर्नियासाठी २०.१ टक्के येतात: तिथली फुप्फुसं वेगळी नाहीत, गॅसची घरं जास्त आहेत. न्यू जर्सीतही दोन तृतीयांशांहून जास्त घरांत गॅसवरच स्वयंपाक होतो. उलट बाजूला २०१३ चा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे, पाच लाखांवर मुलांचा, त्यात गॅस आणि दम्याचा संबंध दिसला नाही. गॅस कंपन्या तो पुढे करतात. पण त्यात माहिती प्रश्नावलीतून घेतली होती, घरातली हवा कोणी मोजली नव्हती.

माझ्या मते तुमच्यासाठी हा वाद सुटायची वाट बघण्यात अर्थ नाही. शेगडीमुळे दमा *होतो* का, यावर वाद आहे. दमा असलेल्या मुलाला ज्योतीतून निघणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइड वायूचा त्रास होतो, यावर फारसा नाही.

हा वायू येतो कुठून ते समजलं की पुढचं सोपं जातं. तो गॅसमधल्या कचऱ्यामुळे येत नाही. ज्योतीच्या उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. म्हणजे गॅस कितीही शुद्ध असो, शेगडी कितीही महाग असो, निळी ज्योत म्हटली की हा वायू आला. बाहेरच्या हवेसाठी पर्यावरण खात्याची तासाची मर्यादा १०० पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत १०० भाग, आहे. घरातल्या हवेसाठी अमेरिकेत बंधनकारक मर्यादाच नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की छोट्या स्वयंपाकघरात हूड, म्हणजे भारतात आपण जिला चिमणी म्हणतो ती, न लावता शेगडी चालवली तर १०० ची रेषा काही मिनिटांत ओलांडली जाते. त्याच अभ्यासात निघालेल्या मिथेनपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त शेगडी *बंद असताना* झिरपत होता, सांध्यांतून आणि व्हॉल्व्हमधून. हवामानाच्या दृष्टीने ते महत्त्वाचं. मुलीच्या छातीसाठी ज्योतीचा वायू महत्त्वाचा.

तर आता हूडकडे. अमेरिकेतल्या असंख्य घरांत शेगडीवर हूडऐवजी पंखा असलेला मायक्रोवेव्ह टांगलेला असतो, आणि त्यातले बरेचसे हवा बाहेर टाकतच नाहीत. जाळीतून ओढतात आणि वरच्या फटीतून तुमच्याच तोंडावर सोडतात. कोळशाची गाळणी थोडा वास आणि काही दिवस थोडा नायट्रोजन डायऑक्साइड धरते. कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ जशीच्या तशी परत घरात. तपासायला दोन मिनिटं लागतात. पंखा पूर्ण वेगावर लावा आणि मायक्रोवेव्हच्या दाराच्या वरच्या जाळीपाशी हात धरा. वारा लागला तर हवा घरातच फिरते आहे. वारा लागला नाही तर बाहेर जाऊन भिंतीवरची किंवा छपरावरची झडप उघडते का ते पाहा. झडप रंगाने चिकटलेली, पक्ष्यांनी घरटं करून बुजवलेली, हे नेहमीचंच.

कधी कधी गंमत अशी असते की मागे भिंतीत हवा बाहेर नेणारा नळ सव्वातीन बाय दहा इंचांचा, नीट बाहेर नेलेला, आणि मायक्रोवेव्ह मात्र कारखान्यातून आला तसाच, हवा आत फिरवायच्या स्थितीत टांगलेला. अशा वेळी नवं काही विकत घ्यावं लागत नाही. वीज तोडून मायक्रोवेव्ह खाली उतरवायचा (दोघं लागतात, एकट्याने पाठ मोडेल), पंख्याचे स्क्रू सोडून पंखा बाहेर काढायचा, त्याची तोंडं नळाच्या दिशेला, वर किंवा मागे, येतील असा फिरवून परत बसवायचा, आणि सोबत आलेली झडपेची पट्टी नळाच्या तोंडाशी लावायची. कुठली तोंडं कुठे, हे मॉडेलच्या पुस्तिकेत असतं. वायर पंख्याच्या पात्यात जाणार नाही, एवढं बघा.

नवा हूड घेणार असाल तर भिंतीलगतच्या शेगडीला रुंदीच्या दर फुटामागे १०० सीएफएम (मिनिटाला १०० घनफूट हवा) हा बाजारातला ठोकताळा. ३० इंची शेगडीला २५० धरा. कॅलिफोर्नियाच्या २०२२ च्या बांधकाम नियमांत तर हे घराच्या आकारावर बांधलं होतं: नव्या घरात गॅसवर १,५०० चौरस फुटांपेक्षा मोठ्या जागेला किमान १८०, हजाराखाली २८०. इलेक्ट्रिकला ११० ते १६०. घर लहान तितका हूड मोठा, कारण वायू पसरायला जागा कमी. ‘बंदी, बंदी’ म्हणून टीव्हीवर भांडण चालू होतं तेव्हा खरं काम करणारा नियम हा असा, कोणाच्या लक्षातही न आलेला. उलट टोकाला जाऊन ९०० सीएफएमचा राक्षस आणू नका. ४०० च्या वर गेलात की बहुतेक ठिकाणी बाहेरून तेवढी हवा आत आणायची सोय करावी लागते. नाहीतर पंखा तळघरातल्या वॉटर हीटरच्या धुराड्यातून हवा उलटी खेचतो, आणि जो कार्बन मोनॉक्साइड छपरावरून जायचा तो घरात येतो.

नळ ताठ पत्र्याचा हवा, सहसा सहा इंची गोल, वळणं कमीत कमी. वेटोळं घालता येणारा ॲल्युमिनियमचा घडीचा नळ ओढ निम्मी करतो आणि घड्यांत तेल साचतं. हूडची उंची शेगडीपासून २४ ते ३० इंच. हूड पुढे अर्ध्यावरच संपत असेल, आणि बहुतेक तसंच असतं, तर पुढच्या बर्नरचा धूर निम्मा निसटतो. म्हणून कुकर, डाळ, तळण मागच्या बर्नरवर. मुलगी घरात असेल तर हा एवढाच बदल पैशाशिवाय आजच होतो. पंखा ज्योत पेटवायच्या आधी लावा आणि शेगडी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. जाळी महिन्यातून एकदा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणात भिजवा. धुण्याचा सोडा घालू नका, ॲल्युमिनियम काळं पडतं.

शेगडी सध्या तरी आहे, तेव्हा ज्योतीकडेही बघा. निळी आणि स्थिर हवी. पिवळी टोकं, भांड्याला काजळी, फुरफुर आवाज म्हणजे बर्नरची भोकं उतू गेलेल्या दुधाने बुजलीत, किंवा हवेची पट्टी सरकलीय, किंवा गॅसचं भोकच चुकीच्या मापाचं आहे. शेवटचं तेव्हा होतं जेव्हा प्रोपेनवर लावलेली शेगडी नैसर्गिक वायूवर जोडली जाते किंवा उलट: नैसर्गिक वायूला शेगडीशी दाब साधारण ४ ते ५ इंच पाण्याच्या स्तंभाइतका, प्रोपेनला १० इंच, आणि भोकांची मापं वेगळी. बर्नरची भोकं सुईने साफ करा, टूथपिकने नको, तुटून आत अडकते. बुडाने बर्नर झाकून टाकणारं मोठं पातेलं किंवा ज्योतीवर टेकलेली गोल बुडाची कढई यांनीही ज्योत थंड पडून कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ओव्हनच्या तळाला फॉइल पसरायची सवय असेल तर ती सोडा. खालची भोकं झाकली की तोच परिणाम.

कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवलेला आहे म्हणून निश्चिंत राहू नका. अमेरिकन मानकाचा गजर ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७०) एक ते चार *तासांनी* वाजतो, ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत. तो मरण टाळण्यासाठी आहे, डोकेदुखी टाळण्यासाठी नाही. नायट्रोजन डायऑक्साइड तर त्याला कळतच नाही.

इंडक्शनने नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही जातात, पूर्ण. फोडणीचा धूर जात नाही. तेल तापून मोहरी-मिरची पडली की सूक्ष्म कणांचा जो लोट उठतो तो इंडक्शनवरही तसाच उठतो, आणि दमेकऱ्याला तोही नकोच असतो. म्हणून म्हटलं, आधी हूड. इंडक्शन बसवून हवा घरातच फिरवत बसलात तर अर्धंच काम झालं.

बसवायचं ठरलं तर वायरिंग बघा. गॅसच्या शेगडीमागे १२० व्होल्टचा साधा प्लग असतो, ठिणगी आणि घड्याळापुरता. इंडक्शन रेंजला (खाली ओव्हन असलेल्या शेगडीला) २४० व्होल्ट, ४० किंवा ५० अँपिअरची स्वतंत्र लाइन, चार तारा, निमा १४-५० (अमेरिकन मानकाचा मोठा) पॉइंट. तांब्याची तार ४० ला आठ गेज, ५० ला सहा. ‘तुमचं पॅनल १०० अँपिअरचं आहे, बदलावंच लागेल’ असं पहिलाच इलेक्ट्रिशियन म्हणाला तर त्याच्याकडून घराचा भार लेखी मोजून मागा. विद्युत संहितेत १२ किलोवॉटपर्यंतची एक शेगडी ८ किलोवॉट धरतात, कारण सगळे बर्नर एकदम पूर्ण चालत नाहीत, आणि बऱ्याच १०० अँपिअरच्या घरांत ती बसते. पॅनलपासून स्वयंपाकघर किती लांब आणि भिंत किती फोडावी लागते, यावरच खर्चाचा मोठा भाग ठरतो. केंद्राच्या २०२२ च्या कायद्यात इलेक्ट्रिक शेगडीला ८४० डॉलरपर्यंत सूट ठेवली होती, पण उत्पन्नाची अट होती आणि वाटप राज्यांकडे. वायर ओढायच्या आधी चौकशी करा, नंतर अर्ज चालत नाही.

लाइन ओढण्याआधी एक सुटी इंडक्शन चूल आणून महिनाभर चालवा. १२० व्होल्टवर १,८०० वॉट मिळतात, कुकर आणि डाळ-भाजीला पुरतात. त्याच लाइनवर टोस्टर लावलात की ब्रेकर पडतो.

बिलाचा हिशेब स्वतः करा, सोपा आहे. एक थर्म गॅस म्हणजे २९.३ युनिट ऊर्जा. गॅस शेगडीवर तिच्यातली साधारण ३२ टक्के भांड्यात जाते, इंडक्शनवर ८५ टक्के. म्हणजे एका थर्मचा स्वयंपाक इंडक्शनवर ११ युनिटांत होतो. विजेचा दर गुणिले ११ आणि थर्मचा दर शेजारी मांडा. वीज १८ सेंट असेल तर दोन डॉलर. पण फर्नेस आणि वॉटर हीटर गॅसवरच राहणार असतील तर गॅसचा महिन्याचा ठरावीक आकार सुटत नाही. बचतीसाठी म्हणून शेगडी बदलण्यात राम नाही.

भांडी: तळाला फ्रिजवरचं चुंबक घट्ट चिकटलं तर चालेल. हिंडालियमची कढई, ॲल्युमिनियमचा कुकर, पितळ, मातीचं भांडं बाद. बिडाचा तवा उत्तम चालतो, पण इथेच लोक फसतात. तवा १२ इंची आणि खालची कॉइल ८ इंची असेल तर मध्य करपतो आणि भाकरीच्या कडा कच्च्या राहतात. सगळ्यात मोठ्या कॉइलचं माप बघूनच शेगडी निवडा. तवा एकदम ९-१० वर ठेवू नका: पातळ तवा मध्ये फुगतो, आणि कोरडा तवा फार तापला की काचेखालचा सेन्सर वीज तोडतो, मग ऐन पोळीच्या वेळी तवा थंड. पाच-सात मिनिटं ५ वर, मग ६-७ वर स्थिर. फुलका ज्योतीवर फुगवता येत नाही. दुसरी बाजू नीट शेकल्यावर घडी केलेल्या फडक्याने कडेकडेने दाबत फिरवला की तव्यावरच फुगतो. भाकरीलाही तेच: पाणी लावलेली बाजू सुकायच्या आत उलटायची, दुसरी बाजू जास्त वेळ, मग परत उलटून दाबायची. भरताचं वांगं तेल लावून, टोचून ओव्हनच्या ब्रॉइलरखाली (वरून येणाऱ्या आचेखाली), वरच्या फळीवर, फिरवत वीस-पंचवीस मिनिटं. धुरकट चव थोडी कमी येते, हे कबूल. अंगणात बार्बेक्यू असेल तर भरतासाठी तो पेटवा.

भारतातल्या आईवडिलांनी हे वाचून सिलिंडर परत करू नये. चुलीच्या धुराशी तुलना केली तर गॅस कितीतरी बरा, उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये आली ती त्याचसाठी. इथली सगळी तुलना गॅस आणि वीज यांच्यातली आहे. मुंबई-पुण्याच्या बंद स्वयंपाकघरात नळाचा गॅस असो की सिलिंडर, ज्योत तीच. शेगडीच्या वर भिंतीत बाहेर हवा फेकणारा पंखा आणि समोरची खिडकी बोटभर उघडी, एवढं हवं.

शेवटी, गॅसची शेगडी काढताना जोडणीचा लवचिक नळ परत वापरू नका, दुसऱ्या शेगडीलाही नाही. तो एकदाच वाकवायचा असतो. घर जुनं आहे म्हणून मागे पिवळट, वेष्टण नसलेला पितळी नळ आहे का ते प्लंबरलाच बघायला सांगा. शेगडी स्वतः ओढून डोकावू नका, त्या नळाचे सांधे हलवल्याने तुटतात. निव्वळ व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. परवानाधारक प्लंबरकडून, नगरपालिकेचं परमिट काढून, पाइपाच्या टोकाला आटे असलेलं टोपण बसवून घ्या. मग साबणाचं पाणी लावून पाहा: बुडबुडा वाढत राहिला तर गळती आहे. वासच आला तर दिव्याचं बटणही न दाबता सगळे बाहेर पडा आणि गॅस कंपनीला फोन अंगणातून करा.